गंगाखेडचा वैशाख

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदाच्या दत्तजयंती अंकात थोरल्या महाराजांच्या चरित्रातलं काहीतरी लिहा, असा निरोप मंदिरातून आला. थोरले महाराज म्हणजे परमहंस परिव्राजकाचार्य श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी, हे या अंकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. ज्यांच्या घरी गुरुवारी करुणात्रिपदी म्हटली जाते त्या प्रत्येक घरात महाराजांचा फोटो असतोच. त्यांचं समग्र चरित्र अनेक अधिकारी मंडळींनी लिहिलेलं आहे, तेवढी माझी योग्यता नाही. मी फक्त त्यातला एक धागा धरणार आहे. आजारपणात माणसाला माणूस कसा लागतो, हा तो धागा. आणि तो धागा धरला की वाट आपल्या परभणी जिल्ह्यातूनच जाते, ही आपल्या बोरीकरांच्या दृष्टीनं आणखी जवळची गोष्ट.

पुष्कळांना वाटतं की महाराज कोकणातले, देह ठेवला गुजरातेत, मग आपल्या मराठवाड्याचा संबंध काय? संबंध फार मोठा आहे. महाराजांचा गृहस्थाश्रम संपला तो गंगाखेडला. संन्यास घेतला तो गंगाखेडला, गोदामाईच्या काठी. पुढं एक चातुर्मास नामदेवांच्या नरसीला झाला, जी नरसी आता हिंगोलीत गेली पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून परभणीतलीच आहे. आणि महाराजांची शेवटपर्यंत सेवा केलेल्या एका शिष्याची समाधी पाथरी तालुक्यात गुंजला आहे. एवढं सगळं आपल्या उंबऱ्यापाशी.

महाराजांचा जन्म श्रावण वद्य पंचमी, शके १७७६ म्हणजे १३ ऑगस्ट १८५४ चा, सावंतवाडीजवळ माणगावचा. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई, आजोबा हरिभट्ट. वडिलांचा ओढा गाणगापूरकडं. वर्षानुवर्षं ते तिथंच सेवेत राहत. त्यामुळं पोराचं शिक्षण, वळण, वेदपाठ हे आजोबांच्या नजरेखाली झालं. घर भिक्षुकाचं, आठवणीतही श्रीमंती नसलेलं. महाराज वेद शिकले, ज्योतिष शिकले, औषधाची माहिती झाली. माणगावात लोक त्यांच्याकडं पत्रिका घेऊन येत तसे दुखणं घेऊनही येत. वयाच्या २१ व्या वर्षी लग्न झालं. रांगणागडच्या बाबाजीपंत गोड्यांची मुलगी, अन्नपूर्णाबाई.

पुढं नरसोबाच्या वाडीला जाणं-येणं सुरू झालं, गोविंदस्वामींचा अनुग्रह झाला, १८८३ साली माणगावात दत्तमंदिर उभं राहिलं. हे सगळं आपण पारायणात, प्रवचनात ऐकलेलं आहे म्हणून लांबवत नाही. त्या मंदिरामुळं माणगाव गजबजलं. लांबलांबून माणसं येऊ लागली. कुणाला बाधा, कुणाला मूल नाही, कुणाचा ताप उतरत नाही. आता जिथं दररोज परगावची माणसं येतात तिथं चूल कुणी पेटवली असेल, पाणी कुणी भरलं असेल, उष्टी कुणी काढली असतील, याचा विचार आपण पुरुष मंडळी कमी करतो. ज्या घराचा धनी पहाटेपासून अनुष्ठानात आहे त्या घरातल्या बाईच्या हाताला विसावा कुठून असणार? अन्नपूर्णा हे नाव त्या माउलीला नुसतं ठेवलेलं नव्हतं, असं मी म्हणतो.

सात वर्षं हे चाललं आणि १८८९ साली महाराज माणगाव सोडून निघाले. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वैराग्य त्यांच्या अंगात लहानपणापासूनचं. मनात आणलं असतं तर एकट्यानं निघून जाता आलं असतं. अशी किती तरी उदाहरणं आपल्याकडं आहेत, रात्री उठून गेलेल्यांची. महाराज तसे गेले नाहीत. निघाले ते बायकोला सोबत घेऊन. घरदार, मंदिर, गाव, नाव सगळं मागं ठेवलं, पण जिचा हात अग्नीसमोर धरला होता तिला मागं ठेवलं नाही. पायी चालणारी दोन माणसं, पदरात मूल नाही, गाठीला पैसा नाही. वाडी, पंढरपूर, बार्शी असं करत करत ती दोघं १८९१ च्या उन्हाळ्यात गंगाखेडला आली.

तेव्हाचं गंगाखेड डोळ्यासमोर आणायचं तर आजचं सगळं पुसून टाकावं लागतं. मुलूख निजामाचा. रेल्वे आपल्या परभणीलाच अजून आलेली नव्हती, ती मनमाडकडून आली १९०० च्या सुमारास. गंगाखेडला तर त्याहून नंतर. जनाबाईचं गाव, गोदेचा काठ, स्नानाला येणारी माणसं. वैशाखात आपल्याकडं नदी कशी होते ते वेगळं सांगायला नको. पात्र अर्धं वाळूचं, पाणी आटत आटत डोहात आलेलं. त्याच पाण्यात आंघोळ, त्याच पाण्यात धुणं, तेच पाणी घागरीतून घरात. आणि अशा दिवसात गावोगाव यायची ती पटकी. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी तिला नावानं कधी हाक मारली नाही, मरीआईचा फेरा म्हणायची. पुस्तकात महामारी लिहितात. डॉक्टर कॉलरा म्हणतात.

त्या पटकीनं अन्नपूर्णाबाईंना गाठलं.

या रोगाचा क्रूरपणा असा, की सकाळी हिंडतं-फिरतं माणूस संध्याकाळपर्यंत ओळखू येत नाही. शरीरातलं पाणी आणि क्षार जुलाबावाटे निघून जातात, डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पायात गोळे येतात, आवाज बसतो. माणूस मरतं ते खरं म्हणजे पाणी आटून मरतं. रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरनं कलकत्त्याला येऊन १८८४ साली या रोगाचे जंतू ओळखले होते, म्हणजे गंगाखेडच्या त्या वैशाखाच्या सात वर्षं आधी. पण ओळखले म्हणून काय, उपाय कुठं होता? उपाय गावापर्यंत यायला अजून ऐंशी वर्षं जायची होती. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत बनगावच्या छावण्यांत निर्वासितांची पटकीनं रांगच लागली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी सलाईन संपल्यावर साखर-मिठाचं पाणी पिंपात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातात भांडी दिली. शंभरात तीस माणसं जिथं दगावत होती तिथं तीन-चारांवर आली. हे मी मुद्दाम सांगतोय. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. सप्त्याच्या जेवणानंतर कुणाला जुलाब लागले तर दवाखान्यात नेईपर्यंत घोट घोट देत राहावं. आणि देणारं कोण? घरचंच माणूस. डॉ. महालनोबीसांच्या त्या छावणीत नर्स नव्हत्या पुरेशा, पाजलं ते आयांनी, बहिणींनी, नवऱ्यांनी.

गंगाखेडला १८९१ साली हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. परमुलखात, परक्या गावात, एक भिक्षुक आणि त्याची मरणाला टेकलेली बायको. पटकीच्या घरात पाऊल टाकायला शेजारी धजत नाही, तो काळ होता. वैशाख वद्य चतुर्दशीला, शके १८१३, अन्नपूर्णाबाईंनी देह ठेवला. सोळा वर्षांचा संसार. पती औषध जाणणारा, मंत्र जाणणारा, साक्षात दत्तप्रभू ज्याच्याशी बोलतात अशी ज्याची ख्याती, त्याच्या डोळ्यांसमोर.

वाचकहो, आपण सगळे गुरुचरित्र वाचणारे. तिसाव्या अध्यायातली सावित्री आपल्या डोळ्यांपुढं असते. माहूरच्या गोपीनाथाची सून. नवऱ्याला क्षय झालेला, अंगाला वास यायला लागलेला, अन्न पोटात ठरत नाही, आणि ती पोर त्याचं सगळं करते. तो जेवला नाही तर आपण जेवायची नाही. सासू-सासऱ्यांचा निरोप घेऊन त्याला घेऊन गाणगापूरची वाट धरते. गाणगापुरात पोचते आणि नवरा जातो. पुढं श्रीगुरूंच्या कृपेनं तो उठून बसतो. पारायणात हा भाग आला की आपल्या मंदिरात बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो, मी दरवर्षी पाहतो. महाराजांनी तर गुरुचरित्र संस्कृतात उतरवलं. त्यांना ती कथा पाठ नव्हती असं कोण म्हणेल? तरी गंगाखेडला कुणी उठून बसलं नाही.

हा प्रश्न मला एका भजनी पोरानं विचारला होता, की मास्तर, महाराजांनी स्वतःच्या बायकोला का वाचवलं नाही? मी त्याला सांगितलं ते इथं सांगतो. महाराजांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मागितलं. स्वतःच्या घरासाठी मागितल्याचं त्यांच्या चरित्रात मला दिसत नाही. आणि दुसरं असं, की सावित्रीची थोरवी नवरा उठला म्हणून नाही. तो उठण्याच्या आधीच ती थोर होती. माहूरपासून गाणगापूरपर्यंतच्या वाटेवर तिनं जे केलं तेवढ्यानंच. गंगाखेडला देवानं शेवट निराळा लिहिला, पण शेवटपर्यंत सोबत करण्याचं काम दोन्हीकडं झालं.

महाराजांनी पत्नीचे दिवस घातले. सगळं यथासांग. आणि चौदाव्या दिवशी संन्यास घेतला.

या चौदाव्या दिवसाकडं लोक फक्त वैराग्य म्हणून बघतात. मला त्यात हिशेब चुकता करणं दिसतं. संन्यास घेण्याआधी शास्त्रानं देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण फेडल्याचं विधान सांगितलेलं आहे, माणूस स्वतःचंही श्राद्ध घालतो. देणं अंगावर ठेवून कुणाला जाता येत नाही. जोवर ती माउली होती तोवर तिचं देणं होतं, म्हणून महाराज गृहस्थ राहिले. ते संपलं, तेरा दिवस तिचे तिला दिले, मग दंडाची वाट धरली. तिथून पायी उज्जैनला गेले, नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि वासुदेवशास्त्री टेंब्यांचे वासुदेवानंद सरस्वती झाले.

आता थोडं स्वतःचं सांगतो, कारण ऋण या शब्दावर माझी लेखणी अडली ती त्यामुळंच.

दोन वर्षांमागं भाद्रपदात मला टायफॉइड झाला. अंगावर काढण्याइतकं लहान दुखणं नव्हतं, घरच्यांनी वेळेत दवाखान्यात नेलंही, पण आतड्याला छिद्र पडलं. परभणीहून रातोरात नांदेडला हलवलं. पोट उघडलं. एकवीस दिवस मी बाजेवर. या एकवीस दिवसांत आमची मंडळी पलंगाखाली फरशीवर सतरंजी टाकून झोपली. तिला स्वतःला गुडघ्याचा त्रास, उठताना पलंगाचा दांडा धरावा लागायचा. तो दांडा हलला की मला कळायचं की ती उठली, मला बघतेय. थोरला सोयाबीन सोडून आला, धाकटा पुण्याहून रजा टाकून आला. सुनेनं माझी घाण काढली, एकदा नाही, रोज. सासऱ्याची घाण काढताना त्या पोरीनं तोंड फिरवलं नाही. मी डोळे मिटून घ्यायचो. तिला वाटायचं दादा झोपले.

गाडी कुणाची? शेजारच्या चाच्यांची. रात्री दीडला दार वाजवलं तर बनियनवर बाहेर आले आणि तसेच गाडीत बसले. पैसे विचारले तर रागावले, वर्षभर त्याचा विषय काढू दिला नाही. कपाशीला पाणी द्यायचं राहिलं होतं, ते कुणी दिलं हे मला घरी आल्यावर दोन महिन्यांनी कळलं. भावकीत ज्यांच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं त्यांनी दिलं. डबा रोज कुणाच्या ना कुणाच्या नातलगाकडून. नांदेडला आमचं कुणी नाही, पण बोरीतल्या निम्म्या घरांची लेक, बहीण नांदेडात दिलेली. भाताची पेज यायची, ज्वारीच्या कण्या यायच्या, ताक यायचं. पहिला घोट पेजेचा गिळला तेव्हा मी मोठ्यानं रडलो असं म्हणतात. मला आठवत नाही.

आणि रक्त दिलं माझ्या मित्रानं. आमच्या भजनात पखवाज वाजवायचा. चाळीस वर्षं तो माझ्या डाव्या हाताला बसला. गट जुळला म्हटल्यावर वयाची अट आड येतेय का काय म्हणून डॉक्टर कागद बघायला लागले, तर हा म्हणायचा कागद नंतर बघा. बसत होतं नियमात, घेतलं. मी बरा होऊन घरी आलो, काठी टेकत मंदिरापर्यंत जायला लागलो. मनात ठरवलेलं होतं की याचं म्हातारपण आपण काढायचं. याला दुखणं आलं तर रात्र आपली. तो गेल्या माघात शेतात बसल्या जागी गेला. तांब्याभर पाणी हातात द्यायचीही संधी त्यानं मला दिली नाही. त्याच्या अंगातलं रक्त माझ्या अंगात फिरतंय आणि तो नाही. आता हे कुठं फेडायचं?

या प्रश्नासकट मी पुन्हा महाराजांचं चरित्र वाचायला बसलो. या खेपेला गंगाखेडच्या पुढचं.

महाराजांना स्वतःला संग्रहणीचा विकार होता. एक-दोन दिवसांचा नव्हे, वर्षानुवर्षांचा. ज्यांना पोटाचं दुखणं ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ कळेल. आपण अशा माणसाला काय देतो? मऊ भात, ताक, वेळेवर थोडं थोडं. महाराज संन्यासी. अनवाणी चालणारे, वाहनात न बसणारे. अंगावरची नि वरकड अशी मोजकी छाटी-वस्त्रं, दंड, कमंडलू, पूजेची दत्तमूर्ती, पोथी. जेवण म्हणजे मधुकरी. कुणी काय वाढेल ते झोळीत. तिखट असेल, शिळं असेल, आंबट असेल. माझं पोट असं आहे तर मला असं द्या, हे सांगायचं नाही. असे २३ चातुर्मास झाले, उज्जैनपासून गरुडेश्वरपर्यंत. उत्तरेत ब्रह्मावर्त, हिमालयाच्या पायथ्याचा गंगाकाठ, पश्चिमेला द्वारका, दक्षिणेत तंजावर, कृष्णाकाठी कुरवपूर, आणि नर्मदा तर किती वेळा. आजारी पोट घेऊन ही सगळी चाल.

मला वाटतं, बायको गेल्यावर या माणसाच्या पोटाची काळजी हिंदुस्थानभरच्या अनोळखी बायकांनी वाहिली. उंबऱ्याशी उभ्या राहिलेल्या संन्याशाच्या झोळीत गरम भाकरी घालणारी, दोन घास जास्त घालणारी, कुणी तरी. त्यांची नावं कुठल्या ग्रंथात नाहीत. एका अन्नपूर्णेच्या जागी गावोगाव एकेक अन्नपूर्णा उभी राहिली. नरसीच्या चातुर्मासात आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कुणाच्या हातचा घास त्या झोळीत पडला असेल, सांगता येत नाही. जुन्या घरात विचारून बघा.

आणि महाराजांनी याची फेड कशी केली? ज्यानं वाढलं त्यालाच परत, असा त्यांचा व्यवहार नव्हताच. तो शक्यही नव्हता, चातुर्मास संपला की पाय पुढच्या वाटेला. फेड निराळ्या दारी झाली. जो येईल त्याचं दुखणं ऐकलं. कुणाला अनुष्ठान सांगितलं, कुणाला औषध सांगितलं, कुणाला दोन्ही. नुसतं देवावर टाकून द्या आणि औषध बंद करा, असं शिकवणारे ते नव्हते, ही गोष्ट आपल्याकडच्या काही अतिउत्साही भक्तांनी ध्यानात ठेवावी.

१९११ साली कुरवपूरच्या चातुर्मासात घोरकष्टोद्धरण स्तोत्र झालं. पाच श्लोकांचं. आपल्या मंदिरात आरतीनंतर म्हणतो तेच. नांदेडला त्या पलंगावर पडल्या पडल्या मी ते मनात म्हणायचो, तोंडाला नळी होती. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या स्तोत्रातलं मागणं एकट्यासाठी नाही. मला वर काढ असं नाही, आम्हाला वर काढ असं आहे. संस्कृत जाणणाऱ्यांना हे व्याकरण रोजचंच असेल. पण बाजेवरच्या माणसाला ते अनेकवचन फार मोठं वाटतं. शेजारच्या पलंगावर लोहाऱ्याचा एक तरणा पोरगा होता, मोटारसायकलवरून पडलेला. त्याची आई रात्रभर बसायची. ते म्हणताना तो पोरगाही त्यात यायचा, ती माय यायची, फरशीवर झोपलेली आमची मंडळीही यायची.

शेवटचा चातुर्मास १९१३ चा, नर्मदेकाठी गरुडेश्वरला. तेव्हाचं गरुडेश्वर म्हणजे जंगलातलं, नदीकाठचं लहानसं ठिकाण. शरीर पुरतं थकलेलं. आता पुढं चालणं नव्हतं. ज्या माणसानं दोन तपं कुणाची सेवा अंगाला लागू दिली नाही त्याच्या भोवती आता सेवेकरी गोळा झाले. इथं मला गांडाबुवांबद्दल लिहायचं आहे.

गांडाबुवा म्हणजे योगानंद सरस्वती. माणूस गुजराती, सुरतेकडचा. गुजरातीत गांडो म्हणजे वेडा. देवाच्या वेडानं घर सोडलेला म्हणून हे नाव चिकटलं आणि पुढं तेच आदराचं झालं. महाराजांपाशी आला आणि छायेसारखा राहिला. आजारी, अबोल, नियमाला कडक असलेल्या वृद्ध संन्याशाची सेवा ही सोपी गोष्ट नव्हे. ज्यांच्या घरी हट्टी म्हातारं माणूस आहे त्यांनी याची कल्पना करावी. हे नको, ते चालत नाही, याला हात लावू नका. तरी करायचं, आणि केलं हे कळू न देता करायचं. महाराजांचे धाकटे बंधू सीतारामबुवा हेही थोर अधिकारी पुरुष, त्यांची समाधी बडनेऱ्याजवळ झिरीला आहे. रक्ताचं नातं त्यांचं. पण संन्याशाला रक्ताचं नातं उरत नाही, आणि अखेरच्या दिवसांत सेवेला जो उभा होता तो ना गावचा, ना भाषेचा, ना गोताचा.

आषाढ शुद्ध प्रतिपदा, शके १८३६. २४ जून १९१४. उत्तरेकडं तोंड करून, दत्तमूर्तीकडं नजर लावून महाराजांनी देह ठेवला. वय साठाला थोडंसं कमी. देह नर्मदेच्या प्रवाहात दिला गेला. गोदेच्या काठी जे सुरू झालं ते नर्मदेत मिळालं.

गांडाबुवा त्यानंतर नर्मदेकाठीच राहिले असते तर कुणाला नवल वाटलं नसतं. गुजरात त्यांचा मुलूख, गुरुस्थान तिथं. पण ते आले गोदावरीवर, आपल्या परभणी जिल्ह्यात, गुंजला. ज्या नदीकाठी गुरूंनी आपल्या अन्नपूर्णेला निरोप दिला आणि भगवं नेसलं, त्याच नदीचा वरचा काठ. त्यांनी महाराजांचं चरित्र लिहिलं, श्रीगुरुमूर्तिचरित्र, तेही मराठीत, ओवीत. जन्मानं गुजराती माणसानं परक्या भाषेत आपल्या गुरूचं चरित्र लिहिलं. महाराजांची सेवा करून जे उरलं होतं ते त्यांनी असं आपल्या मुलखाला देऊन टाकलं. त्यांची समाधी गुंजला आहे. आजही तिथं येणाऱ्याला प्रसादाचं पान वाढलं जातं.

माझा पखवाजी मित्र गेल्यापासून भजनात माझ्या डावीकडची जागा रिकामी होती. आता तिथं त्या शेजारच्या चाच्यांच्या शेतावरच्या सालगड्याचा मुलगा बसतो, वय बारा. हात चांगला आहे, धुमाळीत घाई करतो. त्याच्या आजीला अर्धांगाचा झटका आला आहे, म्हणून दिवसाआड सकाळी मी आणि आमची मंडळी त्यांच्याकडं जाऊन बसतो, तिला कूस बदलून देतो, तेवढ्यात तिची सून नदीवरून धुणं करून येते. या दत्तजयंतीनंतर पौषात आमच्या भजनी मंडळाची जीप गंगाखेड करून गुंजला जाणार आहे. दोन जागा शिल्लक आहेत, ज्यांना यायचं त्यांनी आरतीनंतर मंदिरात नाव सांगावं.